चटके न बसणारे पाय

आमच्या घरात साखरेचा आजार आला तो ह्यांच्या नावानं. हे तेव्हा वाळूजला एका कारखान्यात फिटर होते. वर्षातून एकदा तिथं डॉक्टर येऊन सगळ्या कामगारांचं रक्त बघायचे. त्या वर्षी ह्यांच्या हातात एक कागद पडला. ह्यांनी त्याची बारीक घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि शर्ट धुवायला टाकून दिला. बायकोपासून कागद लपवायची ही काय जागा झाली? माझी शाळा चौथीत सुटली, पण पुढचं सगळं मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. छापलेलं काहीही हाताला लागलं की वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. तो कागद मी मोरीतच उकिडवी बसून वाचला.

"अहो, ही साखर कुणाची?"

"कंपनीनं वाटली," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "दिवाळीचा बोनस आहे."

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना घेऊन आमच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर वयानं आमच्या लेकासारखे, पण बोलणं मोठ्या माणसाचं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, मग ह्यांना चप्पल काढायला लावली आणि तळपाय उलटे करून बघितले. म्हणाले, "काका, गोळ्या मी देतो, पण पाय तुम्ही सांभाळायचे. ह्या आजारात पायाला लागलेलं कळत नाही. भाजलं तरी कळत नाही. कळत नाही म्हणून बघायचं. रोज बघायचं. नाहीतर एक दिवस बोट कापायची वेळ येते, मग पाऊल."

हे ऐकून ह्यांनी मान हलवली. पण वाक्य पाठ झालं ते मला. शाळेत कविता पाठ झाली नसेल असं ते झालं. पुढची पाच-सहा वर्षं मी ते वाक्य गल्लीत, लग्नात, मयतीला, जिथं चार माणसं भेटतील तिथं म्हणून दाखवलं. साखरेच्या माणसानं पाय कसे जपावेत हे आमच्या कॉलनीत कुणाला विचारायचं असेल तर माझ्याकडं यायचे. मी पण फुकट सांगायची.

घरातला कारभार बदलला. गव्हाची पोळी बंद, ज्वारीची भाकर सुरू. आम्ही मूळचे शेतकरी, आमच्या गावाकडं गव्हाची पोळी म्हणजे सणाची. शहरात येऊन, पगार सुरू झाल्यावर आम्ही रोज पोळी खायला लागलो होतो आणि त्याला सुधारणा म्हणत होतो. आता डॉक्टरांनी पैसे घेऊन आम्हाला परत भाकरीवर आणलं. सकाळी कारल्याचा रस, दुपारी जांभळाच्या बियांची पूड, संध्याकाळी मेथ्या. जो भेटेल तो एक औषध सांगायचा आणि मी ते आणायची. ह्यांचं तोंड कायम कडू असायचं, ते औषधानं की माझ्यामुळं, हे मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी कामावरून आले की ह्यांना पाटावर बसवायचं. कोमट पाण्यात पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मग मी चष्मा लावून बॅटरी मारून एकेक बोट बघायची. तळवा, टाच, नखाचा कोपरा.

"आमच्या कंपनीत इन्स्पेक्शनवाला आहे ना," हे म्हणायचे, "तो सुद्धा मशीनवरचा जॉब असा तपासत नाही. पास कर एकदाचा."

"गप बसा. हे काय आहे इथं?"

"तीळ आहे तो. लग्नात बघितला नव्हता का?"

"लग्नात पाय बघायला सवड कुणाला होती? मान खाली, पण डोळे मिटलेले."

असं आमचं चालायचं. ह्यांचे पाय इतके मऊ झाले की फिटरचे वाटायचे नाहीत.

आता ताटाचं सांगते, कारण सगळा घोळ ताटात झाला. ह्यांना साखर निघाली म्हणून लोकांनी गोड आणायचं थांबवलं नाही. उलट जास्त आणायला लागले. माणूस आजारी आहे म्हटल्यावर रिकाम्या हातानं कसं यायचं? कुणी पेढे, कुणी बुंदी, कुणी घरचे बेसनाचे लाडू. वर आग्रह, "काका, अर्धा घ्या, अर्ध्यानं काय होतंय?" ह्यांचा हात पुढं व्हायचा. मी तो अर्धा लाडू ह्यांच्या हातातून काढून घ्यायची. आता काढून घेतलेला लाडू ठेवायचा कुठं? परत डब्यात टाकावा तर उष्टा. बाहेर टाकावा तर अन्नाचा अपमान, माझ्या आईनं शिताचा कण जमिनीवर दिसला तर उचलून डोळ्याला लावलेला. मग तो माझ्या तोंडात जायचा. ह्यांच्या ताटातला जास्तीचा भात माझ्या ताटात. लग्नात ह्यांच्या पानातली जिलबी माझ्या पानात. ह्यांच्या पथ्यामुळं जेवढं वाचायचं तेवढं मी संपवायची. सांगायची मात्र अशी, जसं काही मीच उपाशी राहून ह्यांना जगवतेय.

डॉक्टर दोनदा म्हणाले, "मावशी, आलात तशी तुमची पण तपासणी करून घ्या."

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले. "मी ह्यांच्यासोबत आलेय."

तहान लागायची, घागरभर पाणी प्यायची. वाटायचं, औरंगाबादचं ऊन आहे. चष्म्याचा नंबर वाढायचा. वाटायचं, शिवण लई झालं. तळपायाखाली कापूस ठेवल्यासारखा वाटायचा, तेव्हा मनात आलं की सिडकोतल्या घरात आम्ही नवीन फरशी बसवली ना, ती गुळगुळीत आहे, तिच्यामुळं असेल. फरशीवर खापर फोडायचं राहिलं असतं तर कदाचित मी त्याच वर्षी रक्त तपासलं असतं.

हे रिटायर झाले आणि आमची घडी बिघडली. आठ तास कारखान्यात बांधलेला माणूस मोकळा झाला. सकाळी फिरायला म्हणून निघायचे, दोन तासांनी यायचे. मला अभिमान वाटायचा, बघा कसे चालतात. शेजारणीला सांगायची, "आमचे हे पार शहागंजपर्यंत चालत जातात." एक दिवस पँट धुताना खिशात नानखटाईचा भुगा सापडला. चांगला मूठभर. खिसे हेच ह्यांचं कपाट, हे मी कशी विसरले होते!

तीन महिन्यांचा रिपोर्ट आला तर साखर चढलेली. डॉक्टर ह्यांच्यावर रागावले. म्हणाले, "काका, असंच चाललं तर पायाचं मी काही सांगू शकत नाही."

मी घरी येऊन देवापुढं बसले. नानखटाईपुढं माझं काही चालत नव्हतं, बॅटरी मारून खिसे तपासले तरी माणूस दुकानातच खाऊन येणार. मग मी देवीला नवस बोलले. ह्यांचे पाय शाबूत राहू दे, मी नवरात्रात नऊ दिवस अनवाणी कर्णपुऱ्याला येईन आणि नऊ दिवस उपास धरीन.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "नानखटाई मी खाल्ली, चालायचं तू?"

"मग तुम्ही चालाल का?"

"मला अनवाणी चालायला डॉक्टरांनी मना केलंय," हे एकदम आज्ञाधारक झाले.

आमच्याकडं नवरात्रात निम्मं शहर छावणीच्या बाजूला कर्णपुऱ्याच्या देवीला चालत जातं. बाया, पोरी, म्हाताऱ्या, सगळ्या अनवाणी. सिडकोतून जायला आमच्या चालीनं दीड तास. माझ्यासोबत शेजारीण होती. तिला मी शेजारीण म्हणते, पण पंचवीस वर्षं भिंतीला भिंत म्हणजे बहीणच. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला माझ्याहून दहा पट.

उजाडायच्या आधी निघायचं. जाताना रस्ता गार असायचा. दर्शनाची रांग मोठी, परत फिरायला दहा-साडेदहा व्हायचे. तोवर डांबर तापलेलं. दसऱ्याच्या आधीचं आमचं ऊन म्हणजे वैशाखाची धाकटी बहीण. बाया रस्त्याच्या कडेच्या मातीतून, झाडाच्या सावलीतून, या फांदीखालून त्या फांदीखाली उड्या मारत यायच्या. शेजारीण तर टाचांवर चालायची, मग चवड्यावर, मग नुसतीच "आई गं, आई गं."

मी डांबराच्या मधोमध सरळ चालत होते.

चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं. "काकू, तुम्हाला चटके बसत नाय का?"

मी थांबले. पायाकडं लक्ष दिलं. खरंच की. चटका म्हणून काही नव्हतं. "नाही गं," मी म्हणाले.

"कडंनं चला ना मग कशाला उगं."

"अगं पण नाहीच बसत."

तिनं माझ्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं. मग रस्त्यातच वाकून माझ्या पायाला हात लावला. "देवीनं पायाखाली हात धरलाय काकू तुमच्या," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तिला बघून मागच्या दोघी वाकल्या. त्या कोण होत्या हे मला अजून माहीत नाही.

तुम्हाला सांगते, त्या वेळी मी काय करायला पाहिजे होतं? पाच-सहा वर्षं जे वाक्य मी शहरभर म्हणून दाखवलं, भाजलं तरी कळत नाही, ते तेव्हा आठवायला पाहिजे होतं की नाही? आठवलं नाही. ते वाक्य ह्यांच्या पायाचं होतं. माझ्या पायाला देवी होती.

सातव्या दिवसापर्यंत कॉलनीत बातमी पसरली. आठव्या दिवशी सात-आठ बायांनी पाया पडून घेतलं. मी पण लाजत लाजत पडू दिलं. घरी येऊन साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळ्याचा कीस, केळी. ह्यांना उपास चालत नाही, म्हणून ह्यांच्या वाट्याचाही मीच धरला होता. उपासाला एवढं खाल्लं की पारण्याच्या दिवशी भूक नव्हती.

ह्यांना चमत्कार सांगितला तेव्हा हे नुसतं म्हणाले, "बघू पाय."

"बघायचे काय त्यात? माझे पाय आहेत ते."

दसरा झाला. पायाला जरा सूज होती, पण नऊ दिवस चालल्यावर सूज येणारच. उजव्या पायाचं जोडव्याचं बोट फुगलं होतं, मला वाटलं जोडवं रुतत असेल. चांदीचं जाड जोडवं, लग्नात घातलेलं. मधल्या वर्षांत अंग भरलं तसं ते बोटात रुतून बसलं होतं, साबणानंही फिरत नव्हतं. त्याच्याकडं बघायला सवड नव्हती, कारण मला ह्यांच्या पायाची काळजी होती. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मी ह्यांना घेऊन शहागंजला गेले. तिथं एक चपलेचं दुकान आहे, साखरेच्या माणसासाठी मऊ तळव्याच्या चपला मिळतात. दुकानदार म्हातारे, दाढी पांढरी, बोलायला गोड.

"चाचा के वास्ते?" त्यांनी विचारलं आणि ह्यांना स्टुलावर बसवलं. तीन जोड काढले. मी समोर उभी राहून एकेकात बोट घालून मऊपणा बघत होते. अंगठ्याला लागतंय का, टाच बाहेर येतेय का. दुकानात पांढरी चादर अंथरलेली होती. मी माझी चप्पल बाहेर काढून तिच्यावर उभी होते.

दुकानदारानं एकदम खाली बघितलं. "अम्मा, ये खून कायका है?"

चादरीवर लाल-पिवळा डाग होता. मी ह्यांच्यावर ओरडले, "अहो, पाय वर घ्या! कुठं लागलं? काल रात्री तर काही नव्हतं!" मी खाली बसले, ह्यांचा एक पाय धरला, मग दुसरा धरला, बोटं फाकवून बघितली. काही नाही. परत पहिला पाय धरला.

"अम्मा," दुकानदार हळूच म्हणाले, "चाचा के पाँव में कुछ नै है. आपकेच पाँव से निकलरा."

मी बघितलं. जोडव्याच्या बोटाखाली तळव्याला फोड येऊन फुटलेला होता. कधी आला, कधी फुटला, देवी जाणे. कातडी सुटलेली, आत लाल. बोट सुजून जोडव्याच्या वर आणि खाली वेगवेगळं दिसत होतं, टोकाकडचा भाग जांभळट-काळा. एवढं होईपर्यंत मला मुंगी चावल्याइतकं सुद्धा कळलं नव्हतं.

दुकानदारानं चादरीचे पैसे घेतले नाहीत. ह्यांनी मापाला घातलेली नवी चप्पलच मला घातली आणि तसेच दवाखान्यात आलो.

डॉक्टरांनी बोटात सुई टोचून रक्त घेतलं. मशीनवर आकडा आला, त्यांनी तो ह्यांना दाखवला.

"हा माझा की हिचा?" ह्यांनी विचारलं.

"मावशींचा."

ह्यांचा सगळ्यात वाईट आकडा होता ना, नानखटाईवाला, त्याच्याही पुढं गेला होता. ह्यांच्या मिशीखाली एक हसू आलं. पाच-सहा वर्षं ज्या माणसाला पाटावर बसवून तपासलं त्याला तेवढं हसायचा हक्क होता, मी काही म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी माझं बोट हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बघून ह्यांचं हसू गेलं.

"जोडवं आत्ता काढायला लागेल," डॉक्टर म्हणाले. "बोटाचं रक्त अडलंय. ते काढून जखम साफ करतो. मग आठ दिवस बघू. काळं पावलाकडं सरकलं तर बोट काढावं लागेल, नाहीतर पाऊल धोक्यात येईल."

ऐकून मी काय म्हणाले असेन? बोटाचं नाही विचारलं. म्हणाले, "जोडवं काढता यायचं नाही."

"का?"

"सवाष्ण आहे मी."

सिस्टर थांबली. डॉक्टर ह्यांच्याकडं बघायला लागले. हे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते.

"अगं," हे म्हणाले, "मी जिवंत आहे. हा बघ. इथं बसलोय. डॉक्टरसाहेब, मी जिवंत आहे ना?"

"आहात," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय?" मी म्हणाले. "हे असं दवाखान्यात काढत नाहीत. बाईचं जोडवं कधी काढतात माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. मी मेल्यावर. पण तू आधी गेलीस तर? मग मी कुणासाठी जगायचं, कारल्यासाठी?"

सिस्टरला हसू आलं. मला रडू आलं. ह्यांच्या पायासाठी नवस केला, ह्यांच्या आयुष्यासाठी जोडवं जपलं, आणि आता दोन्ही माझ्याच बोटावर येऊन बसलं होतं. मी पाय पुढं केला.

सिस्टरनं साबण लावून बघितलं, दोरा गुंडाळून बघितलं. जोडवं हलेना. कात्रीनं चांदी तुटेना. डॉक्टर म्हणाले, शेजारच्या गल्लीतल्या सोनाराला बोलवावं लागेल.

"सोनार कशाला?" हे उठले. "तीस वर्षं मी लोखंड कापलंय."

हे घरी जाऊन फिटरची पेटी घेऊन आले. रिटायर झाल्यावर ती पेटी पहिल्यांदाच उघडली. आतून एक बारीक करवतीचं पातं काढलं, आणि पत्र्याची एक पातळ पट्टी. डॉक्टरांनी दोन्ही स्पिरिटनं पुसून घेतली. ह्यांनी पट्टी जोडव्याच्या आणि बोटाच्या मधे सरकवली, म्हणजे पातं कातडीला लागू नये. मग जमिनीवर मांडी घालून बसले, माझा पाय मांडीवर घेतला आणि चष्मा वर चढवला.

"दुखलं तर सांग."

"सांगते."

पातं चालायला लागलं. किर्र, किर्र. चांदीचा बारीक चुरा ह्यांच्या पँटवर पडत होता. ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. कारखान्यात हजारो वेळा हे काम केलेला माणूस, पण हात एवढा हळू चालवत होता की मला राग यायला लागला. मी बघत होते, आवाज ऐकत होते. पत्र्याची पट्टी सुजलेल्या मांसात रुतलेली मला दिसत होती, तिच्या कडेनं रक्त येत होतं.

आणि मला काहीच कळत नव्हतं. काहीच नाही. जसं काही हे दुसऱ्या कुणाच्या पायावर करवत चालवत आहेत आणि मी समोर बसून बघतेय.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. डांबरावर पाया पडणाऱ्या बाया आठवल्या. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. सिस्टर म्हणाली, "लई दुखतंय का आजी?" आणि मी नाही म्हणाले, तर ती म्हणाली, "धीराची बाई आहे." परत एक चमत्कार झाला तिच्यासाठी!

टक्‌ करून जोडवं तुटलं. ह्यांनी पक्कडीनं दोन्ही टोकं फाकवली आणि ते सुटलं. बोटाला गोल खोल खाच पडली होती. ह्यांनी जोडवं हातात धरून बघितलं आणि डॉक्टरांना विचारलं, "आता?"

"आता आठ दिवस," डॉक्टर म्हणाले.

ते आठ दिवस मी पलंगावर पाय उशीवर ठेवून काढले. गोळ्या चालू, इंजेक्शन चालू, रोज रिक्षानं पट्टीला. हे भाकरी थापायला शिकले. पहिल्या दिवशी त्रिकोणी झाल्या. मी म्हणाले, माप घेऊन थापा. दुसऱ्या दिवशी कानसेनं घासल्यासारख्या गोल, पण पत्र्यासारख्या कडक. सकाळ-संध्याकाळ पट्टीबाहेरचं बोट बघायचे आणि म्हणायचे, "कालच्याएवढंच आहे." किंवा काहीच म्हणायचे नाहीत, मग मी स्वतः वाकून बघायची. काळं कुठवर आलंय एवढाच आमच्या घरातला विषय होता.

शेजारीण आली, प्रसादाचा शिरा घेऊन.

"ने तो परत," मी म्हणाले. "आणि माझ्या पाया पडलीस ते पण परत घे. देवीनं हात धरलेला नव्हता गं. पायच मेले होते माझे."

ती खाटेच्या कडेला बसली. शिऱ्याच्या डब्याचं झाकण दोनदा काढलं, दोनदा लावलं. मग म्हणाली, "आता पडलेलं कसं परत घ्यायचं काकू?"

"तुला चटके बसले होते ना?"

"लई बसले. अजून फोड आहेत." तिनं पाय वर करून दाखवले.

"मग पाया पडायचे ते तुझ्या. चांगले जित्ते पाय आहेत."

ती घाबरून पाय साडीखाली ओढून बसली. मी तिला म्हणाले, उद्या दवाखान्यात चल माझ्यासोबत, रक्त तपास. ती म्हणाली, मला काय धाड भरलीय? माझंच वाक्य होतं. तिला तिथंच सोडलं नाही मी, दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून नेलंच. तिचं रक्त चांगलं निघालं. येताना रिक्षात ती म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं?" आणि आजही सोबत आणलेला शिऱ्याचा डबा मला न देता मांडीवर ठेवून बसली.

आठवा दिवस आला. डॉक्टरांनी सिस्टरला पट्टी सोडायला सांगितली. आतली जाळी जखमेला चिकटली होती. रोज ती पाण्यानं भिजवून सोडवायची, आज घाईत तिनं तशीच ओढली.

मी किंचाळले. "आई गं! मारतेस का काय बाई मला!"

हे स्टुलावरून उठून सिस्टरवर धावले, "अहो, हळू! माणूस आहे ते!"

डॉक्टर दारातून आत आले. "दुखलं?"

"मग फुलं पडली का?" मी चिडून म्हणाले.

ते वाकले. बोटाच्या बुडाशी एक सळई घेऊन हळूच टेकवली. "इथं?" दुखलं. जरा वर. "इथं?" थोडं. टोकाशी काहीच नाही. पण काळं होतं तिथंच होतं, पावलाकडं सरकलं नव्हतं, आणि कडेनं गुलाबी मांस भरत होतं.

"ओरडा मावशी, पाहिजे तेवढं ओरडा," डॉक्टर म्हणाले. "बोट नाही काढत मी."

हे स्टुलावर परत बसले आणि पंख्याकडं बघत राहिले. मग सिस्टरला म्हणाले, "तुम्हाला बोललो ते मनावर घेऊ नका, ताई."

बाहेर आलो तेव्हा बारा वाजलेले. हे एकदम म्हणाले, "तोंड गोड करायला पाहिजे!" आणि म्हणून झाल्यावर माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं बघितलं. आनंद झाला तर दोघांनी काय करायचं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दवाखान्यासमोर एक पेरूवाला होता. हे त्याच्याकडं गेले, एक पेरू चिरून मीठ-तिखट टाकून आणला. मी दवाखान्याच्या दारातल्या शहाबादी पायरीवर भिंतीला धरून उभी होते, पट्टीचा पाय अधांतरी, दुसऱ्या पायानं चप्पल शोधत.

हे लांबूनच ओरडले, "अगं, फरशी तापलीय! पाय उचल!"

मी पट्टीच्या पायाची टाच टेकून दुसरा पाय उचलला. भाजलं का, ते मला सांगता आलं नाही. म्हणून तिथंच सावलीला खाली बसलो, पेरूची फोड तोंडात धरून हे पुढं वाकले, आणि आम्ही दोघांनी तळवा उलटा करून बघितला.